कळतं पण वळत नाही, तेव्हा नेमकं अडतं कुठे?

तुमची हकिकत आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं बोलणं इतर वाचणाऱ्यांनाही लागेल. दोन वर्षांपूर्वी रात्री सव्वादोनला गावाहून फोन आला : वडिलांना हार्ट अटॅक. वेळेत अँजिओप्लास्टी झाली, ते बरे झाले, आता रोज चार किलोमीटर चालतात. पण तेव्हापासून रात्री दहानंतर फोन वाजला की तुमच्या छातीत धस्स होतं, हातपाय गार पडतात. फोन मित्राचा निघो नाहीतर राँग नंबर, पुढचा अर्धा तास धडधड थांबत नाही. एका कार्यशाळेत तुम्हाला सांगितलं होतं, 'विचार बदला, भावना आपोआप बदलेल.' तेव्हापासून प्रत्येक वेळी तुम्ही मनाशी घोकता, 'साधा फोन आहे, बाबा ठणठणीत आहेत.' फरक काही नाही. 'डोक्याला कळतंय, छातीला कळत नाही,' असं तुम्ही लिहिलंय. म्हणून विचारता की हे शास्त्र खोटं आहे, की तुम्हीच कमी पडताय; आणि मुळात आधी काय येतं, विचार की भावना? जाता जाता रिंगटोन बदलू का, असंही विचारलंय. त्याकडे शेवटी येते.

तुम्ही कमी पडत नाही आहात. शास्त्रही खोटं नाही. कार्यशाळेत तुम्हाला त्याचा निम्माच भाग मिळाला, आणि नेमका तोच, जो रात्री सव्वादोनला कामाला येत नाही.

'आधी काय' यावर मानसशास्त्रज्ञ शंभर वर्षं भांडलेत. १८८४ साली विल्यम जेम्सने गाडी उलटी जुंपली. अस्वल दिसतं, आपण घाबरतो आणि पळतो, असा आपला समज. जेम्स म्हणाला, शरीर आधी हलतं. त्या हलण्याची जाणीव होणं हीच भीती. त्याच्या काळात हे अनेकांना विचित्र वाटलं. मराठी माणसाला तितकं वाटू नये. आपल्या पोटात गोळा येतो, धाबं दणाणतं, तळपायाची आग मस्तकात जाते, कौतुकाने अंगावर मूठभर मांस चढतं. भरताच्या नाट्यशास्त्रात तर घाम, रोमांच, कंप, अश्रू यांना 'सात्त्विक भाव' म्हणून भावांच्या यादीतच जागा आहे. आणि मला त्याहून गमतीची वाटते ती पुढची गोष्ट : तिथल्या तेहतीस व्यभिचारी, म्हणजे येऊन-जाऊन असणाऱ्या भावांमध्ये स्मृती, मती आणि वितर्क हेही आहेत. आठवण, समज आणि तर्क, हे सगळे रागलोभाच्याच पंगतीत जेवायला बसलेले.

जेम्सवर १९२७ साली वॉल्टर कॅननने हरकत घेतली. भीती असो, संताप असो, नाहीतर ताप, शरीराच्या आतले बदल बरेचसे सारखेच असतात आणि ते सावकाश होतात. मग मनाला फरक कळतो कशावरून? १९६२ साली शॅक्टर आणि सिंगर यांनी त्याचं एक उत्तर दिलं. विद्यार्थ्यांना 'व्हिटॅमिन' म्हणून ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं, आणि शेजारी एक ठरवून पाठवलेला माणूस बसवला, कधी मस्ती करणारा, कधी चिडचिड करणारा. धडधड का होतेय हे ज्यांना माहीत नव्हतं ते त्या माणसाच्या मूडकडे झुकले. धडधड शरीराची, तिचा अर्थ प्रसंगाचा. हा प्रयोग पुढे इतरांना तसाच्या तसा साधला नाही, त्यामुळे तो डोळे मिटून सांगू नये. तरी त्यातला एक धागा टिकलाय : आपण आपलं शरीर 'वाचतो', आणि वाचण्यात चुकतोही. रात्री नऊला दोन कप कडक चहा पिऊन झोपायला गेलेल्या माणसाची छाती फोनशिवायही धडधडते.

मग १९८० च्या सुमारास खरा सामना रंगला. रॉबर्ट झायोन्स म्हणाले, आवडनावड ठरायला विचाराची गरज नाही, ती आधीच ठरलेली असते. रिचर्ड लाझारस म्हणाले, प्रसंगाचं मूल्यमापन झाल्याशिवाय भावना उठूच शकत नाही. 'यात माझं काय जाणार?' हा हिशेब आधी होतो. बरीच वर्षं लेख-प्रतिलेख चालले. माझं मत विचाराल तर निम्मं भांडण 'विचार' या शब्दाचंच होतं. लाझारस नकळत, क्षणार्धात होणाऱ्या हिशेबालाही विचार म्हणत. झायोन्स म्हणत नसत.

मराठीत हा घोळ एकाच क्रियापदात राहतो. 'मला वाटतं तो येणार नाही' हा अंदाज आहे, 'मला वाईट वाटतं' ही भावना, आणि 'हे खरं वाटत नाही' यात दोन्ही. माझ्यासमोर बसलेला माणूस म्हणतो, 'मला वाटतं घरात माझी कुणाला किंमत नाही.' मी विचारते, हे वाटणं कुठलं? तो गोंधळतो. मग हळूहळू वेगळं होतं : किंमत नाही हा निष्कर्ष, आणि त्याखाली दुखावलेपण. निष्कर्षाला पुरावा मागता येतो. दुखावलेपणाला पुरावा मागितला की माणूस उठून जातो.

अजून एक खुबी बघा. राग 'येतो', रडू 'येतं', भीती 'वाटते'. यात करणारे आपण नसतोच, 'मला' म्हणून बाजूला उभे असतो. पण तोच राग आपण 'धरतो', 'गिळतो', 'काढतो', 'आवरतो'. येणं आपल्या हातात नाही, पुढचं सगळं आहे. हे व्याकरण मला भावनांवरच्या कितीतरी जाड पुस्तकांपेक्षा चोख वाटतं. तुमची लढाई चुकीच्या जागी चाललीय ती इथे : तुम्ही 'येण्या'ला अडवायला बघताय.

आता डोक्याला कळतं आणि छातीला कळत नाही याबद्दल. ही नुसती म्हणायची गोष्ट नाही, प्रयोगात दाखवलेली आहे. १९९५ साली अँटॉइन बेकारा, अँटोनिओ दामासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूला इजा झालेल्या तीन रुग्णांना एकामागून एक रंगीत चित्रं दाखवली. एका ठरावीक रंगानंतर जहाजाच्या भोंग्याचा कर्णकर्कश आवाज यायचा. निरोगी माणसाला चार-दोन वेळात तो रंग दिसला की तळहाताला घाम सुटू लागतो, आणि विचारलं तर 'या रंगानंतर भोंगा वाजतो' हे सांगताही येतं. ज्या रुग्णाच्या अमिग्डालाला, म्हणजे धोक्याला प्रतिसाद देण्यात वाटा असलेल्या मेंदूच्या छोट्या भागाला, दोन्ही बाजूंनी इजा होती, तिला कुठल्या रंगानंतर भोंगा वाजतो हे अचूक सांगता आलं, पण तळहात कोरडाच. ज्याच्या हिप्पोकॅम्पसला, म्हणजे घटना लक्षात ठेवायला लागणाऱ्या भागाला, इजा होती, त्याचा तळहात बरोबर घामेजायचा, पण का ते त्याला सांगता येईना. तिसऱ्याच्या दोन्ही जागा गेलेल्या. त्याला ना कळलं, ना घाम आला.

म्हणजे 'हे असं आहे' हे शिकणं आणि 'यापासून सावध' हे शिकणं, दोन वेगळ्या वह्यांत लिहिलं जातं. निरोगी माणसात दोन्ही वह्या एकदमच भरतात म्हणून आपल्याला त्या एकच वाटतात. तुमच्या पहिल्या वहीत 'बाबा बरे आहेत' ही नोंद कधीच झालीय. दुसरीत अजून सव्वादोनचा फोन आहे. आणि पहिल्या वहीत तीच ओळ शंभर वेळा लिहिली म्हणून दुसरीत काही उमटत नाही.

याला जोडून एक जुनी गोष्ट. १९११ साली जिनिव्हाच्या एदुआर क्लापारेद यांनी नोंदवली. त्यांची एक रुग्ण नव्या घटना लक्षात ठेवू शकत नव्हती. एकदा त्यांनी हातात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. पुढच्या भेटीत तिला काहीच आठवत नव्हतं, पण तिने हात मागे घेतला. का, असं विचारल्यावर म्हणाली, कधीकधी लोकांच्या हातात टाचण्या असतात. मी ही गोष्ट शिकाऊ समुपदेशकांना नेहमी सांगते, ती तिच्या हातासाठी नाही, तिच्या उत्तरासाठी. हात आधी मागे आला. कारण नंतर जुळवलं गेलं. रात्री फोन वाजल्यावर 'बाबांना काही झालं असेल' हा विचार तुमच्या मनात येतो. तो धस्स होण्याआधी येतो की नंतर? नीट लक्ष ठेवा. बऱ्याच जणांना आढळतं की छाती आधी धडधडते आणि विचार मागाहून, वकिलासारखा, तिची बाजू मांडायला उभा राहतो. मग वकिलाशी वाद घालून काय उपयोग, आरोपी आत बसलाय.

इथे एक खुलासा करायला हवा, कारण 'अमिग्डाला म्हणजे मेंदूतलं भीतीचं केंद्र' हे वाक्य आता शाळेच्या भिंतीवरही दिसतं. ते तितकं सरळ नाही. अमिग्डाला गमावलेली ती रुग्ण सापांना, भयपटांना भीत नसे. पण २०१३ साली तिला आणि तशाच इतर रुग्णांना कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण जास्त असलेली हवा हुंगायला दिली, तर त्या जबरदस्त घाबरल्या. अमिग्डालाची भूमिका ज्यांनी सगळ्यांत गाजवली ते जोसेफ लेडू नंतर स्वतःच म्हणू लागले की ती यंत्रणा धोक्याला शरीराने द्यायच्या प्रतिसादाची आहे. 'मला भीती वाटतेय' ही जाणीव घडायला मेंदूचे बाकीचे भाग, आठवणी, भाषा, सगळं लागतं. तेव्हा तुमच्या डोक्यात एक खलनायक बसलाय आणि त्याला गप्प करायचंय, असं चित्र रंगवू नका.

तरी घोकणं का चालत नाही याचं आणखी थेट उत्तर हवं असेल तर २०१३ चाच दुसरा प्रयोग आहे, एलिझाबेथ फेल्प्स यांच्या प्रयोगशाळेतला. लोकांना काही चित्रांबरोबर मनगटावर सौम्य शॉक देऊन त्या चित्रांची भीती शिकवली. मग भावनेकडे वेगळ्या नजरेने बघायचं तंत्र शिकवलं, साधारण तुमच्या कार्यशाळेत शिकवलं तेच. दुसऱ्या दिवशी निम्म्यांनी तीन मिनिटं हात बर्फाच्या पाण्यात धरला, बाकीच्यांनी कोमट पाण्यात. कोमट पाणीवाल्यांना तंत्र वापरून भीती कमी करता आली. बर्फवाल्यांना नाही. तंत्र त्यांना येत होतं, पण ताणाखाली ते वापरणारा मेंदूचा भाग हजर नव्हता. झोपेतून दचकून उठलेला माणूस हा बर्फाच्या पाण्यातलाच माणूस.

मग विचारांचं काम काहीच नाही का? आहे. पण आधी उलट टोक बघा. दामासिओंचा एक रुग्ण, कपाळामागचा मेंदूचा भाग गेलेला, बुद्धी शाबूत. पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या, तर तो जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांचे फायदेतोटे मोजत बसला : दुसरी कामं, हवामान, सगळं. शेवटी डॉक्टरांनी एक तारीख सांगितली, तर लगेच 'ठीक आहे' म्हणून निघून गेला. मनात कुठलीच 'नको' किंवा 'हीच बरी' अशी हलकीशी ओढ उठत नसेल तर तर्क दळत राहतो, पीठ काही पडत नाही. माझ्याकडे 'मला भावनाच नकोत, मी प्रॅक्टिकल माणूस आहे' म्हणणारे येतात, त्यांना मी हा माणूस आठवायला सांगते.

विचार बदलून भावना बदलता येते हे सांगणाऱ्यांत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस अग्रणी, आणि त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात बरीच रुजली, कि. मो. फडके यांच्यासारख्यांनी ती मराठीत आणली. पण एलिस स्वतः लाजाळूपणातून कसे बाहेर आले? एकोणीस वर्षांचे असताना न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर बसलेल्या मुलींशी जाऊन बोलायचं असा नेम त्यांनी केला. महिन्याभरात शंभरेक जणींशी बोलले. भेटायचं एकीनेच कबूल केलं, आणि तीही आली नाही. नकार मिळाला तरी आभाळ कोसळत नाही, हे त्यांच्या डोक्याला बाकावर बसायच्या आधीही माहीत होतं. छातीला ते शंभर वेळा बसल्यावर कळलं. शिबिरांमध्ये एलिसची सूत्रं फळ्यावर लिहितात आणि हा बाक विसरतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

तेव्हा तुमच्यासाठी. रात्री फोन वाजला की वाद घालू नका. एवढंच म्हणा, 'घाबरलोय. छाती धडधडतेय. हात गार.' भावनेला नाव देण्याने तिचा जोर थोडा उतरतो हे मेंदूच्या स्कॅनमध्येही दिसलंय. थोडाच उतरतो, चमत्कार होत नाही. श्वास सोडणं घेण्यापेक्षा लांबवा. चेहरा दगडासारखा ठेवून बायकोला 'काही नाही, झोप' म्हणणं टाळा. जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत भावना दाबणाऱ्यांचा चेहरा शांत दिसला तरी शरीराची घालमेल वाढली, आणि समोर काय घडलं हेही त्यांना कमी आठवलं.

विचारांचं काम दिवसा करा, रविवारी सकाळी, पोट भरलेलं असताना. आणि इथे मला जरा कडू बोलायचंय. 'बाबा ठणठणीत आहेत' हे वाक्य आज खरं असलं तरी तुम्हाला त्यातून पाहिजे आहे ते 'असा फोन पुन्हा येणार नाही' हे आश्वासन. ते खोटं आहे, आणि तुमच्या आत कुणीतरी ते ओळखून आहे. वडिलांचं वय होतंय. एखाद्या रात्री फोन येईल. खोट्यावर उभा केलेला धीर रात्री टिकत नाही. त्याऐवजी त्या रात्रीचं जे खरंच झालं ते एकदा सविस्तर लिहून काढा. फोन कुणी केला, तुम्ही काय विचारलंत, गाडी कुणी चालवली, किती वाजता पोहोचलात. (आठवण तंतोतंत असेल अशी अपेक्षा ठेवू नका. १९८६ साली चॅलेंजर यानाचा स्फोट झाल्यावर उलरिक नाइसर यांनी दुसऱ्या दिवशीच विद्यार्थ्यांकडून 'बातमी कुठे, कशी कळली' हे लिहून घेतलं आणि अडीच वर्षांनी पुन्हा विचारलं. अनेकांची हकिकत बदलली होती, खात्री मात्र पक्की.) लिहिताना बहुधा असं दिसेल की घाबरलेल्या अवस्थेतही तुम्ही करायचं ते सगळं केलंत. 'फोन येणार नाही' याऐवजी 'फोन आला तेव्हा मी निभावलं' हा विचार घ्या. तो खरा आहे, म्हणून पेलतो. त्याबरोबर शेजाऱ्यांचा नंबर, जवळचं हॉस्पिटल, कुणी कुणाला कळवायचं, हे कागदावर येऊ द्या. लांब राहण्याची अपराधी टोचणी त्यात कुठे असेल तर तीही लिहा. माझ्या अनुभवात धडधडीच्या तळाशी पुष्कळदा तीच सापडते.

आणि मग बाक. एका विश्वासू मित्राला सांगा की येत्या महिन्यात आठ-दहा रात्री, कुठल्या ते न सांगता, दहा ते दोनच्या मध्ये फोन कर. उशाशी वही ठेवा. फोन वाजला की उचलायच्या आधी एक आकडा लिहा : वाईट बातमी असण्याची मला या क्षणी किती टक्के खात्री आहे? चार-पाच रिंग वाजू द्या. मग उचला, दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोला, खरं काय निघालं ते शेजारी लिहा. 'ऐंशी टक्के' आणि शेजारी 'क्रिकेट', अशा सात-आठ ओळी झाल्या की दुसऱ्या वहीत काहीतरी उमटायला लागतं. अंदाज लिहिल्याशिवाय हा खेळ खेळू नका. अपेक्षा सपशेल चुकते तेव्हाच ती यंत्रणा शिकते.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण पैज लावते की झोपण्याआधी वडिलांना फोन करून 'बरं आहे ना' विचारता, आणि राँग नंबर आल्यावर त्यांचं व्हॉट्सॲपचं 'लास्ट सीन' बघता. प्रेमाने केलेला फोन जरूर करा, पण संध्याकाळी. खात्री करून घेण्यासाठीचा बंद करा. त्याने दर वेळी सुटका मिळते आणि सुटकेबरोबर भीतीही पक्की होते.

यात बरं वाटू लागलं, आणि सहा महिन्यांनी एका रात्री पुन्हा पहिल्यासारखं धस्स झालं, तर पाण्यात गेलं समजू नका. पाव्हलोव्हलाच दिसलं होतं की कुत्र्याची विझलेली प्रतिक्रिया काही काळाने आपणहून परत येते. जुनी नोंद खोडली जात नाही, तिच्या शेजारी नवी येते, आणि जागा बदलली की पुन्हा जुनीच आधी उघडते. म्हणून सराव फक्त पुण्याच्या घरात नको. गावी गेलात, लॉजवर उतरलात, तिथेही एकदोनदा.

छातीत दुखणं किंवा दम लागणं असेल तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या, घरात हार्टचा इतिहास आहे. आणि त्या रात्रीची स्वप्नं पडत असतील, फोनच नको म्हणून कामं टाळली जात असतील, तर हे एकट्याने न करता जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा.

राहिली रिंगटोन. आत्ता बदलू नका, आणि रात्री फोन सायलेंटवरही टाकू नका. तीच रिंगटोन दिवसा वाजू द्या : भाजी चिरताना, मुलांशी पत्ते खेळताना, दुपारच्या चहाला. ती कंटाळवाणी झाली, की मग हवी ती लावा.